घोडी अंगाने भरली, पाठीने भरली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडी दोन वर्षं चार महिन्यांची, उंची १४८ सेंटिमीटर, अंगाने भरलेली, स्वभावाने शांत. तुमचं वजन ७२ किलो. तिला शिकवायला येणारे चाबुकस्वार म्हणतात, आत्ता पाठीवर बसला नाहीत तर पुढे ती डोक्यावर बसेल. पशुवैद्यांनी पुढच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढून ‘गुडघे जवळजवळ बंद झालेत’ असं सांगितलंय. शिवाय शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे असतानाच धावतात, मग हिला काय होणार आहे, असंही तुम्ही विचारलंय.

आत्ता बसू नका. साडेतीन वर्षं पूर्ण होईपर्यंत तिच्या पाठीवर कुणीच बसू नये, आणि गोल रिंगणातला कँटर (मध्यम वेगाची दौड), उड्या, लांबच्या रपेटी हे सगळं पाच वर्षांनंतर, असं माझं मत आहे. चाबुकस्वारांची भीती मी उडवून लावत नाही. तिच्यात तथ्य आहे, पण तिच्यावरचा उपाय खोगीर हा नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी गुडघ्याच्या एक्स-रेबद्दल, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते आणि हाड लांबीने तिथूनच वाढतं. वाढ पूर्ण झाली की त्या पट्टीचं हाडात रूपांतर होतं. तिलाच आपण ‘बंद झाली’ म्हणतो. घोड्यात या पट्ट्या ढोबळमानाने खालून वर अशा क्रमाने बंद होतात. खुरातलं हाड जन्मतःच जवळजवळ तयार असतं. खुराच्या वरची दोन आखूड हाडं पहिल्या वर्षात पुरी होतात, गुडघ्याखालचं नळीचं हाड साधारण दीड वर्षापर्यंत. गुडघ्याच्या लगेच वरची पट्टी दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान बंद होते. तुमच्या एक्स-रेत दिसली ती हीच. खांद्याची आणि मांडीची वरची हाडं तीन ते चार वर्षांपर्यंत वेळ घेतात. मणक्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. पाठीच्या मणक्यांतल्या पट्ट्या पाच-साडेपाच वर्षांपर्यंत उघड्या राहू शकतात, आणि नर, उंच किंवा लांब मानेच्या घोड्यात त्याहूनही पुढे.

म्हणजे गुडघ्याचा एक्स-रे गुडघ्याबद्दल खरं सांगतो, पाठीबद्दल काहीच सांगत नाही. आणि आपण बसतो कुठे? जी जागा सगळ्यात शेवटी तयार होते, नेमके तिथेच. इतकी वर्षं कोवळी जनावरं हाताळून मला एवढी एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

‘आमची जात लवकर पिकते’ हेही मी नेहमी ऐकतो. काही जातींचे घोडे लवकर रुंद होतात, छाती भरते, पुठ्ठा गोल दिसतो, हे खरं आहे. पण तो स्नायूंचा आणि चरबीचा भाग झाला. हाडं पुरी होण्याचा क्रम सगळ्या जातींत तोच असतो, आणि वेळेतही म्हणावा इतका फरक पडत नाही. उंचीवर तर अजिबात विसंबू नका. घोडा आपल्या पूर्ण उंचीच्या नव्वद टक्के उंची पहिल्या वर्षातच गाठतो, वजन मात्र तेव्हा जेमतेम दोन तृतीयांश असतं. म्हणून दोन वर्षांचं जनावर लांबून पुरतं घोडा दिसतं. जवळ जाऊन बाजूने पाहा. पुठ्ठा खांद्यापेक्षा बोटभर तरी उंच असेल. याचा अर्थ मागचा भाग पुढे निघून गेलाय आणि पुढचा अजून मागे आहे. काही महिन्यांनी पुढचा भाग गाठतो, मग पुन्हा मागचा वर जातो. अशा उतरत्या पाठीवर खोगीर ठेवलं की ते पुढे घसरून खांद्यावर येतं. घोडा उभा असताना मुळातच त्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात आपली भर.

आता पाठ. खोगीर येतं ते छातीच्या मणक्यांवर. हे अठरा मणके, त्यामागे कमरेचे बहुधा सहा. हा पूल पुढे आणि मागे पायांवर टेकलेला आहे, असं आपण समजतो. पण पुढच्या बाजूला घोड्याला गळपट्टीचं हाडच नसतं. दोन खांद्यांच्या मध्ये त्याचं धड केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. ही झोळी बळकट असेल तर घोडा छाती वर उचलून चालतो आणि पाठ स्वाराला पेलते. ती कच्ची असेल तर स्वार बसताच छाती खाली जाते, पाठ खोलगट होते, मान वर येते. मणक्यांच्या वरच्या बाजूला उभी टोकं असतात. पाठ खोलगट झाली की ती एकमेकांजवळ येतात, आणि हेच वर्षानुवर्षं होत राहिलं तर एकमेकांवर घासू लागतात. पाठीवरचे लांब स्नायू चालण्यासाठी असतात. ओझं धरून ठेवायचं काम त्यांच्यावर पडलं की ते दगडासारखे कडक होतात. लोकांना वाटतं की कोवळ्या वयात बसलं तर एखादं हाड मोडेल, आणि मोडलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे. तसं नसतं. हाड क्वचितच मोडतं. घोडा आधी थकतो, मग दुखतं म्हणून शरीर चोरून चालायला शिकतो, आणि ते चोरून चालणं त्याच्या अंगवळणी पडतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कामाला लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हा अडीच वर्षांचा एक नर माझ्याकडे आला. देखणा, समजूतदार, काहीही दाखवा, दोनदा सांगावं लागायचं नाही. मालकाला घाई होती, आणि मलाही त्या घोड्याच्या समजूतदारपणाची भुरळ पडली. चाळीसाव्या दिवशी तो माझ्याखाली कँटर करत होता. चारेक महिने सगळं छान चाललं. मग एका सकाळी खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना त्याने कान मागे टाकले आणि माझ्या बाहीकडे तोंड नेलं. चावला नाही, नुसतं नेलं. मी त्याला दटावलं. पुढच्या आठवड्यात ट्रॉटमधून (दुडक्या चालीतून) कँटर मागितला की तो शेपटी फटकारून थांबू लागला. त्यालाही मी आळस म्हटलं. वर्षभराने पाठीचे एक्स-रे काढले तेव्हा खोगिराखालच्या चार मणक्यांची टोकं एकमेकांना टेकली होती. तो घोडा पुढे चालत राहिला, पण स्वारीसाठी नाही. इतका समजूतदार होता म्हणूनच त्याने इतके दिवस सहन केलं. अडेल घोड्याने पहिल्याच आठवड्यात मला खाली पाडून वाचवलं असतं. तुम्ही ‘स्वभावाने शांत’ असं लिहिलंत तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला.

शर्यतीच्या घोड्यांचं उदाहरण द्याल तर ते नीट पाहायला हवं. शर्यतीत वय जन्मतारखेने मोजत नाहीत. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला आणि दक्षिण गोलार्धात देशानुसार १ जुलैला किंवा १ ऑगस्टला धरतात. त्यामुळे कागदावर दोन वर्षांचा झालेला घोडा प्रत्यक्षात वीस महिन्यांचाही असू शकतो. त्याच्या पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोचा जॉकी असतो, तोही खोगिरात न बसता रिकिबीवर उभा राहून, तेही काही मिनिटं. एवढं करूनही त्या वयात नळीच्या हाडाच्या पुढच्या बाजूला वेदना आणि सूज येणं ही तिथली नेहमीची तक्रार आहे.

तरी त्या जगाकडून एक गोष्ट घ्यावी. हाडाला भार मिळाला तरच ते भारासाठी तयार होतं. यूलियुस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हे मांडलं, आणि घोड्यात तर ते उघड दिसतं. तबेल्यात बांधून वाढवलेल्या शिंगराचं हाड मोकळ्या कुरणात दौडणाऱ्या शिंगरापेक्षा कच्चं राहतं. म्हणून ‘पाच वर्षांपर्यंत हात लावू नका, बांधून ठेवा’ हा सल्लाही मी चुकीचा मानतो. पाच वर्षं उभं राहिलेलं जनावर पाचव्या वर्षी कामाला तयार नसतं, ते फक्त पाच वर्षांचं असतं. तिला भार हवाच, पण तो तिच्या स्वतःच्या वजनाचा हवा. मोकळ्या जागेत दिवसभर फिरणं, इतर घोड्यांबरोबर मध्येच भरधाव सुटणं, चढउतार. ही हाडं घडवायची वर्षं आहेत आणि त्यासाठी पाठीवर कुणी लागत नाही.

आता वजनाचा हिशेब करू, कारण तो फारसा कुणी करत नाही. टेपने छातीचा घेर मोजा, कोपराच्या लगेच मागून. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, सगळं सेंटिमीटरमध्ये, की उत्तर किलोत येतं. घेर १६५ आणि लांबी १४८ असेल तर साधारण ३३९ किलो. वाढीच्या वयात हा अंदाजच असतो, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरा. पूर्ण वाढलेल्या, कसलेल्या घोड्यासाठी स्वार आणि सामान मिळून शरीराच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं चालतं. पंचवीस-तीस टक्क्यांवर नाडी चढते आणि दुसऱ्या दिवशी स्नायू दुखतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तुमचे ७२ आणि खोगिराचे ८ मिळून ८० किलो. ३३९ किलोंच्या घोडीवर हे साडेतेवीस टक्के होतात. कसलेल्या घोड्यालाही जे जड, ते तुम्ही कोवळ्या पाठीवर ठेवणार आहात. हीच घोडी पुढे ४३० किलोंची झाली की तेच ओझं साडेअठरा टक्क्यांवर येईल. कोवळ्या घोडीसाठी पहिल्या वर्षी मी पंधरा टक्के ही मर्यादा धरतो. म्हणून सुरुवातीचे महिने एखादा पन्नास-बावन्न किलोचा, हलक्या हाताचा आणि तोल असलेला स्वार शोधा. तुम्ही लगाम धरून शेजारून चाला. मालक म्हणून ते जिवावर येतं, मला माहीत आहे.

‘अंगाने भरलेली’ हे शब्दही एकदा तपासून घ्या. बोटांची पेरं तिच्या बरगड्यांवरून हलकेच फिरवा. न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागल्या तर ती भरलेली नाही, जाड आहे. वाढीच्या वयात दाणा जास्त झाला की सांध्यांच्या कूर्चेत दोष निर्माण होण्याची भीती असते. तेव्हा दाणा कमी, गवत भरपूर.

तोंडाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. अडीच ते साडेचार हा घोड्याच्या तोंडातला सगळ्यात गडबडीचा काळ. समोरचे मधले दुधाचे दात अडीचच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. त्याच काळात आत दाढाही बदलत असतात. खालून पक्की दाढ वर येते आणि जुन्या दुधाच्या दाढेची टोपी तिच्यावर अडकून बसते. हिरडी सुजलेली, जबडा हुळहुळा, आणि आपण नेमक्या त्याच वेळी तोंडात लोखंड, म्हणजे लगामाचं बिट, घालतो. शिवाय पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी एक बारीकसा जादा दात असतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात. बिट नेमकं त्याच्यावर आपटतं. घोडा डोकं झटकतो, जीभ वर घेतो, एका बाजूला वळायला नकार देतो, आणि आपण म्हणतो हट्टी आहे. बिट घालण्याआधी दातांचं काम जाणणाऱ्या पशुवैद्याकडून तोंड पूर्ण तपासून घ्या, आणि पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. पहिल्या स्वाऱ्या मी बिटशिवाय, नाकपट्टीच्या लगामावरच करतो. तोंडाला लागणारा पहिला अनुभव वेदनेचा नसावा.

आता चाबुकस्वारांची भीती. चार वर्षांपर्यंत कुणी हात न लावलेली, ३९०-४०० किलोंची घोडी शिकवणं अवघड असतं. याबाबतीत त्यांचं अगदी बरोबर आहे. पण घोडी डोक्यावर बसते ती वय वाढल्यामुळे नाही, मधल्या वर्षांत तिला काही शिकवलं नाही म्हणून. पाठीवर न बसता शिकवण्यासारखं इतकं आहे की मला चौदा महिने अपुरे वाटतात.

या घडीला तिला म्होरकी घालून, दोर सैल ठेवून, तुमच्या खांद्याच्या रेषेत चालता आलं पाहिजे. तुम्ही थांबलात की थांबायचं, मागे सरा म्हटलं की सरायचं. चारही पाय द्यायचे, आणि नालबंद पाय धरून बसलेला असताना तीन पायांवर तोल सांभाळायचा. बांधून अर्धा तास शांत उभं राहायचं, खरारा करून घ्यायचा. सोबतच्या घोड्यापासून दूर निघायचं आणि हाका मारत न राहता परत यायचं. गाडीत चढायचं, उतरायचं. यातलं काहीही पाठीवर बसून शिकवण्यापेक्षा जमिनीवरून शिकवणं सोपं आहे. तिला फिरायला न्या, रोज तासभर, नवीन वाटांनी. पाण्यातून, चिखलातून, उतारावरून. उतार चालत उतरणं हा पुठ्ठ्यासाठी आणि त्या झोळीसाठी मला माहीत असलेला सगळ्यात चांगला व्यायाम आहे. जमिनीवर चार-पाच वासे आडवे टाकून त्यांवरून सावकाश चालवा. जाणत्या घोड्यावर बसून तिला शेजारून दोरीने न्या. ट्रॉट करायचा तर तो तिथे, सरळ वाटेवर होऊ द्या.

एक करू नका. लंजिंगच्या, म्हणजे मध्ये उभं राहून धरलेल्या लांब दोरीवर गोल गोल पळवू नका. ‘अंगातली मस्ती जिरू दे’ म्हणून वीस-वीस मिनिटं छोट्या रिंगणात पळवलेल्या कोवळ्या घोड्यांचे सांधे मी पाहिलेत. गोलात आतल्या पायावर तिरका ताण येतो आणि तो उघड्या पट्ट्यांवरच जातो. आवाजाच्या खुणा शिकवायला लंजिंग करा, पण वीस मीटरच्या मोठ्या गोलात, बहुतेक चालीवर, दोन्ही बाजूंनी मिळून आठ-दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा.

तीन वर्षांची झाली की पोटाला रुंद पट्टा, मग पाठीवर घडी घातलेलं कांबळं, मग रिकामं हलकं खोगीर. तंग एका दिवशी एकच भोक. मग दोन लांब लगाम घेऊन मागून चालत हाकणं. मला हा टप्पा फार आवडतो. वळणं, थांबणं, एकटीने पुढे होऊन अनोळखी वस्तूजवळून जाणं, हे सगळं ती इथे शिकते. लांब लगामावर पुढे व्हायला कचरणारी घोडी स्वाराखालीही कचरणार. अशा वेळी मी आणखी महिनाभर मागून चालतो.

तयार झाली की नाही हे कसं ओळखायचं? वय साडेतीनच्या पुढे आणि तोंड तपासलेलं हवं, हे धरूनच चालतो. त्यानंतर मी तीन गोष्टी पाहतो. पोटाखाली मधोमध, तंगाच्या जागेच्या मागे, नखांनी खाजवल्यासारखं मागे मागे नेतो. पाठ आपसूक वर उचलली जावी आणि उचललेली क्षणभर तशीच राहावी. थरथरून लगेच खाली आली तर ताकद नाही, झटका देऊन सरकली तर कुठेतरी दुखतंय. दुसरं म्हणजे उतारावरची चाल. मागचे पाय पोटाखाली घेत सावकाश उतरते, की पुढच्या पायांवर पडत घाईने? तिसरी गोष्ट तिच्या मनाची. ती दचकणारच, सगळेच दचकतात. दचकल्यावर तिला परत खाली यायला किती वेळ लागतो, ते पाहा. दोन-चार श्वासांत मान खाली घालून तुमच्याकडे वळली तर ती शिकण्याजोगी आहे. दहा मिनिटं नाकपुड्या फुलवून फुरफुरत राहिली तर तिला अजून जमिनीवरचे दिवस हवेत. यातलं एक जरी नसलं तर वय चार असो की साडेचार, मी थांबतो.

मागे एका कुम्मैत (तांबूस तपकिरी) घोडीवर पहिल्यांदा बसलो ते सांगतो, कारण त्या दिवशी प्रत्यक्ष बसण्याला सगळ्यात कमी वेळ लागला. ती पावणेचार वर्षांची होती. आठवडाभर मी रोज तिच्या शेजारी ठोकळ्यावर नुसता उभा राहून तिची मान, पाठ, पुठ्ठा चोळत होतो, म्हणजे तिला माणूस वरच्या बाजूला दिसायची सवय व्हावी. सोबती तिला गवत भरवत होता. मग पोटावर आडवा झालो. अर्धं वजन टाकलं आणि ती चघळायची थांबली. गवताच्या दोन काड्या ओठांतून बाहेर तशाच राहिल्या. कान माझ्याकडे वळलेले, डोळा न मिटणारा. तो क्षण नेमका ओळखता यायला हवा. तिथे पुढे गेलो असतो तर बहुधा ती उभीच राहिली असती, पण श्वास रोखून. मी खाली उतरलो. तिने जबडा हलवला, काड्या आत घेतल्या, मोठा सुस्कारा सोडला. पुन्हा वर. या वेळी थांबली नाही, चघळत राहिली. असं सहा वेळा केलं. सातव्या वेळी पाय पलीकडे टाकून सरळ बसलो, चार श्वास घेतले, मानेवर हात फिरवला आणि उतरलो. त्या दिवशी एवढंच. पाऊलही टाकलं नाही.

पुढचे सहा-आठ आठवडे आठवड्यातून तीनदा, दहा ते पंधरा मिनिटं. फक्त चाल, सरळ वाटांवर, सोबत जाणता घोडा. स्वाराने लगाम सैल आणि पाठ हलकी ठेवायची. मग तिला दोन-तीन महिने मोकळं सोडा. ही सुट्टी लोकांच्या फार जिवावर येते. ‘शिकलेलं विसरेल’ म्हणतात. घोडा विसरत नाही. परत आल्यावर तो बहुतेक वेळा आधीपेक्षा शहाणा आणि अंगाने जुळून आलेला असतो. चार ते पाच या वर्षात अर्ध्या तासापर्यंत जा, सरळ ट्रॉट घ्या, चढावर थोडा कँटर. पाचनंतर रिंगण आणि छोट्या उड्या. सहाव्या वर्षापासून तिला पूर्ण घोडी समजून काम द्या.

हे फार सावकाश वाटत असेल तर ज्यांचे घोडे सगळ्यात जास्त वर्षं काम करतात त्यांच्याकडे पाहा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले लिपित्सानर घोडे साधारण चार वर्षांचे होऊन शिकायला येतात, पुढची सहा वर्षं शिकतात आणि कित्येक तर विशी ओलांडूनही काम करतात. आइसलँडिक घोड्यांनाही चौथ्या वर्षीच स्वारीला घेण्याची रीत आहे. ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींची स्पर्धा; तिच्या ग्रां प्री या सर्वांत वरच्या पातळीवर आठ वर्षांखालचा घोडा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उतरवताच येत नाही.

तुम्ही थांबाल असं धरून एक सवय आत्तापासून लावायला सांगतो. दर दोन महिन्यांनी त्याच सपाट जागी उभी करून बाजूने आणि मागून, ठोकळ्यावर चढून, तिच्या पाठीचा फोटो काढा आणि घेर-लांबीची मापं त्याखाली लिहा. स्वारी सुरू झाली की प्रत्येक स्वारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खरारा करायच्या आधी, तळहात सपाट ठेवून मानेच्या बुडापासून कमरेपर्यंत मणक्यांच्या दोन्ही बाजूंना हलका दाब देत या. ती खात राहिली तर त्या दिवशीचं काम ठरल्याप्रमाणे. कातडी थरथरली, पाठ हाताखालून खाली गेली किंवा कान मागे आले तर खोगीर खुंटीवरच राहू द्या, दोन दिवस तिला नुसतं फिरायला न्या, आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा हात लावून बघा. तरी तसंच असेल तर पशुवैद्यांना बोलवा, आणि या वेळी त्यांना गुडघे नाही, पाठ दाखवा.